उजवा पाय आधी

"उजवा पाय आधी हं, भावोजी," दार उघडता उघडता सुलक्षणावहिनी म्हणाल्या, आणि सदानंद एक पाय बुटात, एक मोज्यात, असा दारातच अडकला. डावा पाय आत पडायच्या बेतात होता, तो त्याने मागे घेतला. मागे बायको छाया पुरणपोळ्यांचा डबा घेऊन उभी होती आणि तिच्या मागे मुलगी शुभ्रा, कानांत वायरी घालून. दुबईत अल कुसैसच्या त्या इमारतीत सातव्या मजल्यावर लिफ्टपासून दारापर्यंत पुरणाचा वास सुटला होता. वहिनी हसतच बोलल्या होत्या. बोलणं गमतीचं, पण डोळे त्याच्या पायांवर, आणि डोळ्यांत गंमत अजिबात नव्हती. त्याने दुसरा बूट काढला. मोजेही काढले, कारण पहिल्या दिवशी तो चपलांत आला होता, आणि तेव्हापासून मोज्यांना बंदी होती. तोच निळ्या चौकड्यांचा शर्ट, तेच उघडे पाय. उजवा पाय उचलून त्याने आत ठेवला. ओलांडायला माप तेवढं नव्हतं, नाहीतर गृहप्रवेशच. चाळिशी उलटलेली, टक्कल पडलेली, शारजात गोदाम सांभाळणारी नवरी. वहिनींनी त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. ती त्याने तोंडात टाकली आणि हात पँटला पुसला.

"आला, आला! यल्ला, जागा द्या त्याला," आत्मारामभाऊ कोचावरून ओरडले. तोंडाने सदानंद त्यांना भाऊ म्हणायचा. मनात मात्र वर्षभर त्याने त्या माणसाला अरेतुरेच केलं होतं. आत्माराम, असं नुसतं, मागेपुढे काही न लावता. आत्मारामने पोटावर ताणून क्लबची पिवळी जर्सी घातली होती आणि तिच्यावर आडवं, ठळक, कंपनीचं नाव 'सुलक्षणा गल्फ'. मंडळातली पाच-सहा कुटुंबं गालिच्यावर, कोचावर, डायनिंगच्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसली होती. एका खुर्चीला मात्र कोणी हात लावला नव्हता. दाराजवळ, चपलांच्या रॅकला खेटून ठेवलेली, एक पाय आखूड असलेली ती लाकडी खुर्ची. नोव्हेंबरपर्यंत तिच्यावर इस्त्रीचे कपडे पडत. आता तिच्यावर मखमली उशी आली होती आणि आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी. तिथून टीव्ही तिरपा दिसायचा, पण खुर्ची बोटभरही हलवायची नाही असा हुकूम होता. सदानंद बसला. बँकेतून कमी झालेला आणि आता विम्याच्या पॉलिसी विकणारा गुणवंत गालिच्यावरून म्हणाला, "महाराज स्थानापन्न झाले, आता लंडनवाल्यांचं काही खरं नाही," आणि सगळे हसले. पहिला चहा सदानंदला आला. त्याच्याआधी या घरात कोणी चहाला तोंड लावत नव्हतं.

पडद्यावर इंग्लंडमधली दुपार होती. राखाडी आभाळ, चिखलाळलेलं मैदान, मागे विटांची घरं. आत्माराम मूळचा पुण्याजवळच्या हवेली तालुक्यातला. दुबईत जिप्समची छतं ठोकता ठोकता तो मोठा झाला, आणि दुबईतला जो तो उठून काहीतरी विकत घेत होता त्या दिवसांत एका इंग्रज क्लायंटने त्याला सांगितलं, की आमच्या गावचा जुना फुटबॉल क्लब भागीदार शोधतोय, चौथ्या डिव्हिजनमधला, नाव हॅव्हरली टाउन. आत्मारामला ऐकू आलं हवेली. बस, तेवढं पुरलं. "आपल्या तालुक्याची टीम आहे, सोडायची कशी?" असं तो पुढे लोकांना सांगत सुटला. फुटबॉलमध्ये त्याला ओ की ठो कळत नव्हतं आणि ते गाव त्याने आजतागायत पाहिलेलं नाही. पण तिकडे त्या गारठ्यात अकरा गोरी पोरं त्याच्या बायकोचं नाव छातीवर घेऊन धावायला लागली. समालोचक 'सुलाक्षाना' म्हणाला की वहिनी अजूनही लाजायच्या. ही पोरं आज लंडनच्या एका बड्या क्लबशी खेळत होती, त्यांच्या देशातल्या त्या जुन्या कपमध्ये, शेवटच्या सोळांत. चौथ्या डिव्हिजनचा क्लब इथवर पोचत नाही, असं टीव्हीवरचा माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता. तो बिचारा त्याचं कारण डावपेचांत शोधत होता. या खोलीतल्या सगळ्यांना कारण माहीत होतं. ते चपलांच्या रॅकजवळ बसलं होतं.

नोकरी गेली त्याचा सदानंदला राग नव्हता. त्या वर्षी कोणाची गेली नाही? अकरा वर्षांची बरी नोकरी सोडून तो आत्मारामकडे आला होता, तेही आत्मारामनेच गळ घातली म्हणून. "दुसऱ्याची हमाली किती दिवस करणार? आपल्या माणसांत ये." आला. दोन हजार आठचा सप्टेंबर. तो रुजू झाला त्याच आठवड्यात अमेरिकेत एक बँक बुडाली आणि दिवाळी उलटेपर्यंत दुबईतल्या क्रेन जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. छतं ठोकायची तर भिंती हव्यात, आणि भिंती कोणी बांधत नव्हतं. सगळं समजण्यासारखं होतं. संक्रांतीला आत्मारामने ऑफिसात तिळगूळ वाटला, एकेकाच्या टेबलापाशी जाऊन, नेहमीसारखा. सदानंदच्या टेबलापाशी आल्यावर त्याने त्याच्या हातावर लाडू ठेवला, खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सदानंदा, आज गोड बोलायचा दिवस, पण काय करू? तू पांढऱ्या पायाचा निघालास रे बाबा. तू आत आलास आणि मार्केट बाहेर गेलं. खलास." ऑफिस हसलं. केरळच्या ड्राफ्ट्समनने विचारलं, "व्हाइट लेग मतलब?" आणि कोणीतरी समजावून दिल्यावर तो एकटाच मागाहून हसला. सदानंदला वाटलं, थट्टा आहे, म्हणून तोही हसला. हाच त्याचा निरोप होता हे त्याला संध्याकाळी कळलं. आपण हसलो, हे तो स्वतःला विसरू देत नव्हता. तो लाडू त्याने खाल्लाही होता.

पांढऱ्या पायाची सून असते. घरात आली आणि सासरा गेला, म्हैस मेली, की तिच्या कपाळी तो शिक्का बसतो. पुरुषाला असं कोणी म्हणत नाही. सदानंदला मात्र म्हटलं गेलं होतं, पाळण्यात असताना. ज्या आठवड्यात तो जन्मला त्या आठवड्यात ठाण्याला वडिलांची कंपनी बंद पडली, आणि बारशाला आलेली आत्या पाळण्यात वाकून म्हणाली, पांढऱ्या पायाचं आलंय गं तुमच्याकडे. आईने ते हसण्यावारी नेलं, पण घर ते विसरलं नाही. आपली बॅटिंग सुरू झाली की मामा म्हणायचा, "सद्या, आत जा, विकेट पडेल." तो स्वयंपाकघरात जाऊन बसायचा आणि भिंतीपलीकडचा ओरडा ऐकून चौकार की आऊट ते ओळखायचा. त्र्याऐंशी सालची लंडनमधली ती फायनल सगळ्या देशाने पाहिली. सदानंदने जिना पाहिला. आठवीतला मुलगा, तिसऱ्या पायरीवर, गुडघ्यांत हनुवटी खुपसून. आत एकेक विकेट पडत होती आणि प्रत्येक ओरड्याला त्याचं काळीज उडत होतं. शेवटी दार उघडलं, मामा नाचत बाहेर आला आणि त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबून म्हणाला, "तुझ्यामुळे जिंकलो रे! तू बाहेर बसलास म्हणून!" पेढा गोड होता. त्याने तो खाल्ला आणि त्याला आनंदही झाला, हे आठवलं की आजही त्याचे कान तापतात.

मैदानावर लंडनवाले सहज खेळत होते. बॉल त्यांच्या पायांना चिकटल्यासारखा इकडून तिकडे फिरत होता आणि हवेलीची पोरं नुसती मागे धावत होती. "अरे, पकड ना त्याला! शादीमे आया है क्या?" आत्माराम ओरडला. सदानंदने कपाच्या तळाची साखर बोटाने चाटली. ही सगळी पोरं त्याला नावानिशी ठाऊक होती, आत्मारामपेक्षा कितीतरी जास्त. मागच्या वर्षी व्हिसा रद्द झाल्यावर महिन्याभरात दुसरी नोकरी नाही तर देश सोडा, असं होतं. मिळाली ती शारजातल्या टाइल्सच्या गोदामात. डिस्कव्हरी गार्डन्समधलं घर गेलं, रोल्लामध्ये साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या आल्या, छायाने पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. आणि दर शनिवारी संध्याकाळी सदानंद गोदामातल्या कॉम्प्युटरवर हॅव्हरली टाउनचा स्कोअर उघडून समोर बसायचा. नुसता बघत. पांढरा पाय ना? घे मग. पडदा दर मिनिटाला बदलायचा आणि तो डोळे न हलवता त्या नावाकडे बघत राहायचा. हरले. परत हरले. बरोबरी. हरले. एप्रिलात क्लब तळाला गेला तेव्हा त्याला अनेक महिन्यांनी गाढ झोप लागली. शेवटच्या शनिवारी ते कसेबसे डिव्हिजनमध्ये टिकले, आणि त्या दिवशी गोदामात पाहुणा आला म्हणून तो पडद्यासमोर नव्हता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? शहाणासुरता माणूस, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, आणि इंग्लंडमधल्या पोरांना इथून नाट लावतोय. विश्वास होता का? नव्हता. पण चाळीस वर्षं ज्या पायाने आपल्याला मार खायला लावला, त्याने एकदा तरी दुसऱ्याला लाथ मारावी, एवढं त्याला मनापासून वाटत होतं.

या घरी तो परत आला तो डबा घेऊन. नोव्हेंबरात वहिनींनी पुरणपोळ्या सांगितल्या, छायाला ताप होता, म्हणून त्याला यावं लागलं. जाणारच नव्हता. गेला, आणि रिकामा डबा मिळेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवरचे कपडे बाजूला करून टेकला. आत आत्माराम लॅपटॉपला कान लावून कॉमेंट्री ऐकत होता. कपची पहिली फेरी, हवेली दोन गोलांनी मागे. सदानंदला आतून उकळी फुटली. बघ, मी आलोय. आणि तो टेकतो न टेकतो तोच एक गोल झाला. मग दुसरा. तिसरा झाला तेव्हा आत्माराम उठून वळला, आणि त्याने सदानंदकडे असं पाहिलं की जणू आत्ताच तो त्याला दिसला. "हलू नकोस," तो म्हणाला. "सदानंदा, आहेस तिथेच बस." पुढच्या फेरीला गाडी पाठवून बोलावणं आलं. त्याच्या पुढच्यालाही. हवेली जिंकतच गेली, वरच्या डिव्हिजनचे क्लब एकामागून एक गार झाले, आणि मंडळात जो तो म्हणायला लागला की सदानंदचा पायगुण. त्याच पायांचा. ते ऐकून त्याला हसावं की ओकावं कळेना. आधी तो मनापासून हरवायला जायचा. मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि तो शांत झाला. जिंकू दे. बोकड पोसावा तसं पोसायचं. आत्माराम पुरता या खुर्चीच्या भरवशावर राहू दे, आशेने त्याचा जीव टांगणीला लागू दे, आणि अगदी मोक्याच्या क्षणी उठायचं. काही बोलायचं नाही. फक्त उठायचं.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण माणूस मोठा लबाड. पहिला चहा, मखमली उशी, "भावोजी, पाठीला टेका घ्या ना." हे त्याला आवडत होतं, आणि आवडतं याचा संताप येत होता. शिवाय परवा आत्मारामचा फोन आला होता. दोन टॉवरचं काम परत सुरू होतंय, माणूस हवाय. "ये परत. जुनं सोड रे, मस्करी होती ती. शनिवारी जिंकलो ना, की रविवारी सकाळी ऑफिसला ये, इन्शाल्ला. तुझं टेबल तसंच आहे." छायाने फोनचं बोलणं ऐकलं होतं. आज येताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "अहो, आज तेवढं नीट बसा." "नीटच बसतो की मी," तो म्हणाला. "मला कळतं तुम्ही कसे बसता ते," ती म्हणाली. "रात्री दात खाता झोपेत. मला पोळ्या लाटायचा कंटाळा आलाय हो. खरंच आलाय." मागून शुभ्रा म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ गेम. तुम्ही बसलात काय, उठलात काय, दे डोन्ट इव्हन नो यू." त्या पोरांना आपण माहीतही नाही, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याने हॉर्न वाजवला.

दुसरा डाव अर्ध्यावर आला तरी कोणाचाच गोल झाला नव्हता, आणि तेव्हा हवेलीने गोल केला. कसा झाला ते बॉललाच ठाऊक. कॉर्नरवरून आला, कोणाच्या तरी पाठीवर आपटला आणि हवेलीच्या त्या टकलू सेंटर फॉरवर्डच्या गुडघ्याला लागून आत गेला. खोलीचा स्फोट झाला. गुणवंत आडवा पडून पाय झाडायला लागला, वहिनी गणपतीकडे धावल्या, आत्मारामने सदानंदचं डोकं दोन्ही हातांनी धरून टकलाचा मुका घेतला. आणि सदानंद, बोकड पोसणारा सदानंद, मुठी आवळून "चल!" असं ओरडून चुकला होता. त्या टकलूवर त्याचा जीव होता, काय करणार? वर्षभर दर शनिवारी त्याला शिव्या देत आला होता तो. छायाने त्याच्याकडे पाहिलं. ती हसत होती, आणि तिच्या हसण्यात रविवार सकाळ होती. इस्त्रीचा शर्ट, टेबल, शारजाबाहेरचं घर. सदानंदने नजर वळवली. बस म्हणत होतं सगळं. खुर्ची, उशी, छाया. उठ म्हणणारा तो एकटाच होता.

वेळ संपत आली. नव्वद मिनिटं झाली, वरची चार मिनिटं सुरू झाली. आणि लंडनचा एक पोरगा गोलसमोर कोलमडला. रेफरीने शिट्टी मारून जमिनीवर ठिपका असतो तिथे बोट दाखवलं. पेनल्टी. "नाही रे देवा," गुणवंत म्हणाला. हवेलीची पोरं रेफरीला घेरून भांडायला लागली. आत्माराम टीव्हीकडे बघतच नव्हता. तो मान वळवून सदानंदकडे बघत होता. देवाकडे बघावं तसा, तोंड किंचित उघडं टाकून. सदानंदने कप खाली ठेवला आणि तो उठला.

"कुठे?" आत्माराम म्हणाला.

"घरी. शारजाचा ट्रॅफिक असतो, भाऊ."

"मस्करी नको हं. बस. हबीबी, दोन मिनिटं बस."

"अहो," छाया म्हणाली. तेवढंच.

सदानंदने पाऊल उचललं, आणि आत्माराम कोचावरून घसरून गालिच्यावर आला, गुडघ्यांवर तसाच पुढे सरकला आणि त्याने सदानंदचे दोन्ही घोटे पकडले. "पाय धरतो तुझे," तो म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून चारदा फोनवर म्हणायचा, कन्सल्टंटना, म्युनिसिपालिटीतल्या क्लार्कना. या वेळी पाय खरोखर हातात होते. सदानंदने खाली पाहिलं. आत्मारामच्या डोक्यावरचा रंगवलेल्या केसांचा भांग, घामेजलेली मान, पिवळी जर्सी. हात गरम होते. आणि त्या हातांत त्याचे पाय, सावळे, टाचांना भेगा पडलेले, करंगळीचं नख टाइल पडून फुटलेलं. सगळी खोली बघत होती. वर्षभर त्याने जे मागितलं होतं ते हेच होतं, आणि ते मागितल्याच्या दुप्पट मिळालं होतं. आता बसलं तरी चाललं असतं. सूड झाला होता आणि नोकरीही होती. फक्त एक गोष्ट त्याला ऐकायची होती, ती एकदा ऐकली की तो बसणार होता.

"भाऊ, हातात आहेत तर नीट बघून घ्या," तो म्हणाला. "कुठल्या रंगाचे आहेत?"

आत्मारामने वरही पाहिलं नाही, खालीही पाहिलं नाही. "सोन्याचे आहेत रे, सोन्याचे! बस ना!"

पांढरे नाहीत, एवढं म्हणाला असता तरी पुरलं असतं. चुकलो म्हणाला असता तर सदानंद जन्मभर त्या खुर्चीवर बसला असता. सोन्याचे! म्हणजे परवा पांढरे, आज सोन्याचे, उद्या याला गरज पडेल त्या रंगाचे. पाय सदानंदचे आणि रंगाचा डबा याच्या हातात. त्याने आधी एक पाय सोडवला, मग दुसरा. रॅकवरचे बूट हातात घेतले आणि दार ओढून घेऊन बाहेर आला.

कॉरिडॉरमध्ये कोणाच्या तरी घरचा उदाचा वास होता आणि फरशी थंड होती. तो लिफ्टपाशी गेला नाही. बूट छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला आणि दाराकडे कान लावला. आत एकदम शांत झालं होतं. म्हणजे लंडनचा पोरगा आता बॉल ठेवतोय. मागे जातोय. सदानंदने डोळे मिटले. त्याला तो आवाज हवा होता, खोलीभर माणसांच्या छातीतून एकदम निघणारा हाय. गोल होऊ दे. माझे पाय पांढरेच असू दे, आत्याने सांगितले होते तसे, मामाने सांगितले होते तसे, जन्माचे पांढरे असू दे, पण गोल होऊ दे. सगळे आरोप कबूल करायला तो तयार होता. मार्केटचा, वडिलांच्या कंपनीचा, जेवढ्या विकेट पडल्या असतील त्या सगळ्यांचा.

ओरडा आला. भिंत हादरेल असा, टाळ्या, भांडी, बायकांच्या किंकाळ्या. असल्या ओरड्यावरून काय झालं ते ओळखण्यात त्याचं लहानपण गेलं होतं. शेजारचं दार उघडून मरियमबी ओढणी सावरत बाहेर आल्या. "क्या हुआ भाईसाब? सब खैरियत?"

"जीत गए," सदानंद म्हणाला.

"कौन?"

"वो लोग."

"अल्ला खैर करे," असं म्हणून त्यांनी दार लावलं. सदानंद तसाच उभा होता. गोलकीपरने अडवला होता तर. आपण उठलो, दार लावून बाहेर आलो, आणि काहीच झालं नव्हतं. मग त्या सप्टेंबरातही काही झालं नसणार. ठाण्यालाही नाही. जिन्यावर तो मुलगा उगाचच बसला होता. आत बसला असता तरी विकेट तशाच पडल्या असत्या, आणि त्याने त्या पाहिल्या असत्या. चाळीस वर्षांनी तो निर्दोष सुटला होता आणि सुटता सुटता हातचा सूड गेला होता. रडू आलं ते नेमकं कशाचं, हे त्याचं त्यालाच कळेना.

तेवढ्यात दार उघडलं. आत्माराम नाचतच बाहेर आला, हातात पेढ्यांचा बॉक्स, मागे वहिनी, गुणवंत, छाया. "सदानंदा! अरे अडवला! तू उठलास आणि अडवला!" त्याने सदानंदच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. "तुझ्यामुळे जिंकलो रे! तू बाहेर गेलास म्हणून! बघा, मी म्हणत नव्हतो? ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी. पांढऱ्या पायाचा तो पांढऱ्या पायाचाच!" लोक हसले. वहिनीही हसल्या. मग आत्माराम जवळ सरकला आणि गळ्यात हात टाकून, लाडात, पण अगदी मनापासून म्हणाला, "पुढच्या मॅचला मात्र येऊ नकोस हं, बाबा. शपथ आहे तुला. ऑफिसचंही आपण मागाहून बघू." बोलताना त्याची नजर खाली, सदानंदच्या पायांवर गेली आणि लगेच वर आली. त्या नजरेत भीती होती. साधी, स्वच्छ भीती.

सदानंदने पेढा सावकाश चावला. गोडच होता. या पायांत काही नाही, हे या कॉरिडॉरमध्ये फक्त त्याला एकट्याला कळलं होतं. बाकी कोणाला कळलेलं नव्हतं. त्याने पेढा गिळला.

"अहो, निघायचं ना?" छाया म्हणाली. तिच्या हातात रिकामा डबा होता आणि डोळ्यांतली रविवार सकाळ विझली होती. त्याबद्दल त्याला फार वाईट वाटलं.

"थांब जरा. दुसरा चहा राहिलाय माझा," तो म्हणाला. "आणि भाऊ, पुढच्या मॅचला येईन मी. बोलावलं नाहीत तरी येईन. तीच खुर्ची ठेवा."

आत्मारामचा हात त्याच्या गळ्यातून हळूच सुटला. सदानंदने बूट रॅकवर होते तिथे परत ठेवले आणि तो दारापाशी आला. दारात वहिनी होत्या. त्या बाजूला झाल्या, पण त्यांचे डोळे खाली खिळले होते.

"भावोजी, उजवा..." त्या म्हणाल्या.

तो थांबला. सगळे बघतायत याची खात्री करून घेतली. मग त्याने डावा पाय उचलला आणि टाचेसकट, पुरता, आत ठेवला.